तुंबा मोडणारा माणूस

गेंदलालमामा रहांगडालेंच्या मांड्यांबद्दल मी जे सांगणार आहे ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मी कमी करून सांगतो आहे, कारण जसंच्या तसं सांगितलं तर तुम्ही पान मिटून ठेवाल आणि मला खोटारडा म्हणाल. तसं बरेच जण म्हणतात. पण मामांना पाहिलेला माणूस म्हणत नाही.

साठीचा गृहस्थ. उंची बेताची, डोक्यावर केस थोडे, मिशा मात्र दोन माणसांना वाटून पुरतील एवढ्या. कमरेपासून वर बघितलं तर कुणालाही दया येऊन चहा पाजावासा वाटावा. कमरेपासून खाली बघितलं तर निमूट रस्ता सोडावा. सागाची दोन खोडं कुणीतरी धोतरात गुंडाळून उभी केली आहेत असं वाटायचं. तरुणपणी ते शंकरपटाचे धुरकरी होते. शंकरपट म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली बैलांची शर्यत: हलका छकडा, त्याला दोन बैल, समोर सरळ धावपट्टी, आणि छकड्यावर पाय रोवून बसलेला एक वेडा. तो वेडा म्हणजे धुरकरी. आमगावपासून तिरोड्यापर्यंत असा एकही पट नव्हता जिथे मामा एकदा तरी जिंकले नाहीत आणि एकदा तरी पडले नाहीत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, पडले तेव्हाही जिंकलेच. ते स्वतः घसरत घसरत बैलांच्या आधी पोहोचले होते.

मग मधली काही वर्षं पट बंद पडले. शेतात ट्रॅक्टर आला. मामांनी शेवटची जोडी विकली आणि ते गावच्या ओट्यावर येऊन बसले. बसले म्हणजे असे बसले की ओटा खचला. हे मी पाहिलेलं आहे.

त्यांना ओट्यावरून उठवलं ते सहा सायकलींनी.

आमचं गाव नागझिऱ्याच्या कडेला. जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गावातल्या बायकांच्या बचत गटानं चार खोल्यांचा होम-स्टे काढलेला. गटाच्या अध्यक्ष मंदाबाई, आणि खोल्यांचं बुकिंग बघणारा मी. मंदाबाईंनी गोंदियाला चकरा मारमारून एका कंपनीकडून विजेवर चालणाऱ्या सहा माउंटन बाइक मिळवल्या. अट एवढीच की हंगामभर नीट चालल्या तर गटाच्या, सारख्या मोडल्या तर कंपनी परत नेणार. गाड्या गेल्या तर पाहुणेही गेले असते, कारण शेजारच्या रिसॉर्टात पोहायचा तलाव होता आणि आमच्याकडे नुसती बोडी, म्हणजे गावतळं, त्यात म्हशी. त्यामुळे मंदाबाई त्या गाड्यांना पोटच्या पोरींसारखं जपायच्या.

पाहुण्यांना जंगलाकडेच्या वाटांनी फिरवायला पुढे एक वाटाड्या हवा होता. वाटा मामांइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या. आता पंचाईत अशी की मंदाबाई ही मामांच्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे मामा तिचे भासरे आणि ती त्यांची भावसून, आणि आमच्याकडे भासरा-भावसून एकमेकांशी बोलत नाहीत. ती डोक्यावरचा पदर ओढून खांबाआड उभी राहते, तो दुसरीकडे बघतो. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या दोघांत एक शब्द झालेला नव्हता. भांडण नव्हे, रीत. आता ती झाली मालकीण आणि हे झाले नोकर. मग बोलायचं कसं? तर माझ्यामार्फत. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर असायचं, दोघांनाही सगळं ऐकू जायचं, तरी प्रत्येक वाक्य आधी माझ्या अंगावर येऊन आदळायचं आणि मग पुढे जायचं. त्या काळात मी होम-स्टेचा कारकून कमी आणि भिंत जास्त होतो.

गाड्या टेम्पोतून उतरल्या त्या दिवशी कंपनीचा माणूस सगळ्यांना मोटर समजावून सांगत होता. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बैलबाजारात फिरतात तसे एकेका गाडीभोवती फिरले. सीटवर थाप मारली. पुढच्या दातेरी चकतीचे दात मोजले. मग मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवलं. चाकाच्या मधल्या नळकांड्यातून कट् कट् कट् कट् असा बारीक आवाज आला आणि मामांचा चेहरा उजळला.

त्या नळकांड्याला कंपनीचा माणूस हब म्हणत होता. मामा म्हणाले, हा तर तुंबा. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकात आरे जिथे येऊन मिळतात त्या लाकडाच्या गड्ड्याला आम्ही तुंबा म्हणतो, त्यामुळे त्यांचं चूक नव्हतं. त्या दिवसापासून गावात हब हा शब्द कुणी उच्चारला नाही. मी स्वतः कंपनीला फोनवर दोनदा तुंबा म्हणालो आणि पलीकडच्या बाईंनी मला दोनदा स्पेलिंग विचारलं.

गोष्ट कळायची असेल तर हा तुंबा थोडा समजून घ्यावा लागेल. या गाडीची मोटर पायडलपाशी असते. तिला पायाचा जोर कळतो, आणि तुम्ही जेवढा लावाल त्याच्या कितीतरी पट ती आपला घालते. हा सगळा जोर साखळीवरून मागच्या तुंब्यात जातो. तुंब्याच्या आत नखाएवढे तीन-चार लोखंडी तुकडे असतात. सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की हे कुत्रे आतल्या दातांना चावून धरतात आणि चाक फिरतं. पाय थांबवला की सोडतात आणि कट् कट् करतात. म्हणजे साध्या माणसाचा पाय, त्यात मोटरचा जोर, आणि हे सगळं नखाएवढ्या कुत्र्यांच्या जबड्यावर. आता साध्या माणसाच्या जागी गेंदलालमामांच्या मांड्या ठेवून बघा.

पण पहिला तुंबा मांड्यांनी गेला नाही. तो प्रेमानं गेला.

जंगल पावसाळ्यात बंद असतं. गाड्या तेव्हाच आल्या होत्या, त्यामुळे मामा दिवसभर त्यांच्याशी ओळख वाढवत होते. प्रत्येकीला नाव दिलं. जोडीशिवाय एकटी गाडी बाहेर काढायची नाही असा नियम केला, कारण एकटं जनावर बुजतं. आणि पोळा आला. पोळ्याला बैलांना आंघोळ घालून सजवतात. गावात बैल उरले होते मोजके, आणि मामांच्या दावणीला तर एकही नव्हता. त्या दिवशी सकाळी मी आलो तर शेड रिकामी. बोडीवर गेलो. सहाच्या सहा गाड्या सीटपर्यंत पाण्यात उभ्या, आणि मामा कमरेइतक्या पाण्यात एकेकीचं मागचं चाक नारळाच्या काथ्यानं घासत होते. बाजूच्या म्हशी इतक्या लाजल्या होत्या की त्यांनी तोंडं फिरवली होती. संध्याकाळी हँडलला बाशिंगं, सीटवर झूल आणि स्पोकांना गेरू लावून त्यांनी सगळ्या गाड्या पोळ्याच्या तोरणाखाली आणल्या. लोक हसले, पण कुणी अडवलं नाही. गावात इतकी सजलेली जनावरं बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती.

आठवड्याभरात दोन गाड्यांच्या तुंब्यांतून जात्यावर वाळू दळल्यासारखा आवाज येऊ लागला. बोडीतला गाळ बेअरिंगमध्ये जाऊन बसला होता. मंदाबाई खांबाआड आल्या.

"भाऊ, त्याहिले विचारा, बॅटरीची वस्तू तऱ्यात काऊन घातली."

मामा समोरच बसले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबू, बाईले सांग, बॅटरी मी काहाडून ठेवलो होतो. मी का येडा आहो?"

"त्याहिले सांगा, तुंबा वाजून राह्यला."

"बाईले सांग, पानी पेल्यावर बैलाचंबी पोट वाजते. उद्या थांबन."

थांबलं नाही. कंपनीनं नवे तुंबे पाठवले. पण तुंबा बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. चाकाचे सगळे स्पोक उसवायचे, नवा तुंबा मध्ये ठेवायचा, स्पोक पुन्हा विणायचे, ताण सारखा करायचा आणि मग चाक डोलत असेल तर त्याचा आऊट काढायचा. आम्ही चाकं घेऊन आमगावच्या एका जुन्या सायकल दुकानात गेलो. काळ्या-पिवळ्या भाड्याच्या जीपमध्ये मामांनी एक चाक मांडीवर घेतलं होतं, दुसरं माझ्या गळ्यात होतं. दुकानदार दिवसभर स्पोक विणत होता आणि मामा समोर बसून त्याला चुका सांगत होते. त्यांनी आयुष्यात स्पोक हातात धरला नव्हता, पण चूक सांगायला तेवढं पुरतं. शेवटी दुकानदारानं वैतागून पाना त्यांच्या हातात दिला. मामांनी पहिलं चाक बांधलं ते अंड्यासारखं झालं. ते फिरवून बघत ते म्हणाले की जंगलातला रस्ता तरी कुठे गोल आहे.

पुढे पुढे मात्र त्यांना ते जमायला लागलं. मोडण्यात पाय बसला होता, म्हणून बदलण्यात हात बसला. होम-स्टेसमोरच्या निंबाखाली गाडी उलटी ठेवून, रिमला खडू टेकवून, एक डोळा मिटून ते चाकाचा आऊट काढत बसायचे, आणि पाहुण्यांना सांगायचे की पूर्ण विदर्भात हे काम करणारे दोघंच. दुसरा कोण, असं कुणी विचारलं तर थोडा विचार करून म्हणायचे, तो मेला.

दुसरी भानगड हंगाम सुरू झाल्यावरची. गाळ पुन्हा आत जाऊ नये म्हणून मामांनी आपल्या डोक्यानं तुंबा उघडला आणि त्यात बंडीच्या आसाला चोपडतात ते काळं, घट्ट वंगण गच्च भरलं. वंगण जितकं जास्त तितकी माया जास्त, हा त्यांचा हिशेब. दुपारी गाडी झकास चालली. पण आमच्याकडची पहाटेची थंडी बाहेरच्यांना माहीत नाही. त्या वर्षी तर बोलताना तोंडातून निघालेले शब्द गोठून खाली पडत होते आणि ऊन आल्यावर लोक ते वेचून ऐकत होते. तशा थंडीत मामा नागपूरच्या एका जोडप्याला घेऊन निघाले आणि मधल्या सागवनात नवऱ्याच्या गाडीचं पायडल नुसतंच गरागरा फिरायला लागलं. वंगण थिजलं, कुत्रे त्यात रुतून बसले, दात धरायला कुणी उरलं नाही. माणूस पाय मारतो आहे, मोटर घों घों करते आहे आणि गाडी जागच्या जागी.

नेमकं तेव्हाच वारुळापाशी अस्वल होतं.

अस्वल होतं हे त्या बाईंनीही सांगितलं, त्यामुळे तेवढं धरून चला. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक आपल्या सीटला बांधलं, दुसरं त्या गृहस्थाच्या हँडलला, आणि दोन्ही गाड्या एकट्याच्या पायावर ओढत गावापर्यंत आणल्या. पहिल्या दिवशी त्यांनी हकिगत सांगितली तेव्हा अस्वल नाल्याच्या पलीकडे होतं. संक्रांतीपर्यंत ते नाला ओलांडून आलं. होळीला ऐकलं तेव्हा अस्वल मागून गाडीला ढकलत होतं. जोडपं मात्र इतकं खूश होऊन गेलं की जाताना त्यांनी मंदाबाईंना विचारलं, ही अस्वलाची फेरी रोज असते का.

मंदाबाईंनी त्यांना हसून निरोप दिला आणि मग माझ्याकडे वळल्या. पुढचा अर्धा तास जे त्या बोलल्या ते सगळं मी मामांपर्यंत पोचवायचं होतं. मी फक्त एवढंच पोचवलं की वंगण नको.

तर माया आणि वंगण दोन्ही बंद झाल्यावर तुंबे टिकायला हवे होते. टिकले नाहीत. पुढचे तुंबे सरळ मोडू लागले. कुत्र्यांचे तुकडे, आतले दात झिजलेले, एकदा तर तुंब्याला उभी चीर. आणि दर वेळी मोडायची ती गाडी जिच्यावर मामा बसलेले असत. मामा म्हणायचे, योगायोग.

तो योगायोग असा व्हायचा. फेरी निघताना पाहुणे मागे रांगेत उभे. मामा पुढे. गाडीला जोराच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वरच्या पायरीला त्यांनी नाव ठेवलं होतं मारका. बोटानं बटण दाबत ते मारक्यावर न्यायचे. दोन्ही ब्रेक आवळायचे. मग सीटवरून उठून एका पायडलवर सगळा भार द्यायचे, साखळी ताणून वीणेसारखी वाजायला लागेपर्यंत. डोळे मिटायचे. त्या क्षणी ते निंबाखाली नसायचेच. कुठल्या तरी जुन्या पटावर असायचे, बाजूला जोडी फुरफुरत असायची. मग तोंडानं हुर्रर्र असा आवाज निघायचा आणि ब्रेक सुटायचे. त्यांच्या मागे उडालेली धूळ खाली बसेपर्यंत पाहुण्यांची एकमेकांशी ओळख होऊन जायची.

हे साऱ्या गावाला माहीत होतं. मंदाबाईंना माहीत होतं. मामांना सांगायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. ओट्यावर बसलेला माणूस सगळ्यांनी पाहिला होता.

शेवटी कंपनीचा धीर सुटला. त्यांनी पुण्याहून एक इंजिनिअर पाठवला, अथर्व नावाचा. गोड मुलगा, सगळ्यांना नमस्कार करणारा. त्याचं काम सरळ होतं. तुंबे आपल्या दोषानं मोडतात की चालवणाऱ्याच्या, ते बघायचं. दोष तुंब्यांचा असेल तर कंपनी चांगले बसवून देईल आणि गाड्या गटाकडे राहतील. दोष चालवणाऱ्याचा असेल तर टेम्पो मागवायचा. आणि त्यासाठी तो मामांच्या मागोमाग एक फेरी मारणार होता.

मंदाबाई खांबाआडून म्हणाल्या, "भाऊ, त्याहिले सांगा, आज गाडीवर पान्यानं भरलेला गुंड ठेवला आहे असं समजून चालवा. थेंब सांडाले नाही पाह्यजे." गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याचा हंडा.

मामा म्हणाले, "बाईले सांग, समजलो."

आणि मामांनी ती फेरी जी काढली, ती बघायला देव आले असते पण त्यांना इतका वेळ नसतो. गाडी इतकी हळू की कोंबड्या मागून येऊन पुढे गेल्या. वाटेत एका गोगलगाईनं त्यांना साइड मागितली असं मी ऐकलं, पण ते मी सांगत नाही. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढ आला तर खाली उतरून गाडीला हातानं धरून चढवली. उताराला पाय टेकत टेकत उतरले. अथर्व मागून कौतुकानं मान हलवत होता.

फेरी संपून दोघं निंबाखाली आले तेव्हा बरेच लोक जमले होते. त्यात एक झनकलाल. हा तिरोड्याकडचा, मामांचा पटातला जुना वैरी. भाचीकडे पाहुणा आला होता आणि चहाचा कप घेऊन बसल्या बसल्या सगळं बघत होता.

अथर्वनं हेल्मेट काढलं आणि मंदाबाईंना म्हणाला, "ताई, काळजी करू नका. दोष आमच्या हबचाच आहे, मी तसं सांगतो. या आजोबांकडून हब मोडणं शक्यच नाही. पायात तेवढा जोरच नाहीये त्यांच्या."

सगळ्यांनी श्वास सोडला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. काम फत्ते झालं होतं.

झनकलालनं चहाचा कप खाली ठेवला आणि तो हळूच खोकला. नुसताच खोकला.

मंदाबाईंना ते माझ्या आधी कळलं. खांबाआडून त्यांचा आवाज आला, "भाऊ, त्याहिले घरी न्या. आत्ताच न्या." मी पुढे झालो, मामांच्या दंडाला हात लावला. दंड कसला, तापलेला खांब. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"बाबू," ते अथर्वला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "पायात काय नाही म्हने?"

"जोर, आजोबा. वाईट वाटून घेऊ नका. वय असतंच ना."

मामा गाडीवर बसले. बोट बटणावर गेलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दोन्ही ब्रेक आवळले गेले. ते उठून उभे राहिले. साखळी वाजायला लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले. यावेळी मामांनी डोळे मिटले नाहीत. ते सरळ झनकलालकडे बघत होते. हुर्रर्र झालं, पण ब्रेक सुटायच्या आतच चाकातून एक आवाज आला. कुणी वाळलेला बांबू गुडघ्यावर मोडावा तसा. तुंबा मधोमध फाटला. स्पोक सुटून चाकाचं पाखरू झालं. एक स्पोक अजून सापडलेला नाही. तो झनकलालच्या भाचीच्या कौलात असावा, कारण तिथे त्या वर्षापासून गळतं. मामांच्या पायाखालचं पायडल एकदम सैल होऊन खाली गेलं आणि ते त्याच्याबरोबर सावकाश, मानानं जमिनीवर आले.

 झनकलालनं उठून, दुपट्टा खांद्यावर नीट करून, मामांना हात जोडले आणि तो पुन्हा खाली बसला.

मग मंदाबाई खांबाआडून बाहेर आल्या. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा. मी भिंतीसारखा तयार उभा राहिलो, वाक्य माझ्यावर येईल म्हणून. ते माझ्या बाजूनं निघून गेलं.

"भासरे, उतरा खाली."

लग्न होऊन आल्यापासूनचं त्यांचं मामांशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मामा उतरलेलेच होते. तरी आणखी उतरायला हवं असं वाटून ते धुळीत मांडी घालून बसले. आधी त्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग ते तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, सारे मीच मोडलो."

"माहीत आहे मले. साऱ्या गावाले माहीत आहे. पोट्टा आमच्याकून बोलून राह्यला होता. दोन मिनिटं दम नाही धरवला?"

"जोर नाही म्हनला तो."

"मंग? म्हनू द्याचं होतं."

मामा धुळीत बोट फिरवत राहिले. "बैल गेले, बाई. पट गेला. आता पायबी गेले म्हनते, तेबी झनक्याच्या समोर."

मंदाबाईंचं तोंड उघडं होतं, पुढचं काही तरी सणसणीत यायचं होतं.  पण त्यांची नजर मामांच्या पायांवर गेली. मग अथर्वकडे वळल्या, आणि जे मामांवर ओतायचं होतं ते सगळं त्या बिचाऱ्यावर ओतलं. त्यांचं म्हणणं असं की यांचं वय पाहा, मिशा पाहा, आणि यांनी तुमचा तुंबा उभ्या उभ्या फाडला. उद्या तुमच्याकडचा कसरत करणारा जवान पोट्टा येईल, चढावर जोर लावेल, आणि हाच तुंबा जंगलात मोडेल. तेव्हा समोर अस्वल असेल आणि ओढून आणायला हे नसतील. मग ते कुणाच्या माथी? "मानसाच्या पायानं मोडते ते वस्तूच मोडकी," त्या म्हणाल्या. "आमाले न मोडनारा तुंबा द्या. नाई त टेम्पो बोलवा आणि जा."

अथर्व ऐकत नव्हता असं मला वाटलं. तो गुडघ्यावर बसून फुटलेल्या कुत्र्यांचे तुकडे वेचत होता आणि त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. त्यानं वर बघितलं आणि फार आदरानं विचारलं, "आजोबा, पुन्हा एकदा कराल? मला व्हिडिओ घ्यायचाय."

मामा उठायला लागले.

"भासरे," मंदाबाई म्हणाल्या. मामा बसले.

काही दिवसांनी अथर्वचा फोन आला. गाड्या गटाकडेच राहणार होत्या. कुत्र्यांचे तुंबे काढून त्यांच्या जागी दुसऱ्या जातीचे बसवायचे ठरलं होतं. त्यांत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर दाबून बसतात, सगळे दात एकदम धरतात. पण कंपनीची एक अट होती. गेंदलाल रहांगडाले यांनी कुठल्याही गाडीवर बसायचं नाही. हौसेनंही नाही.

हे मामांना सांगायला मी जायला निघालो तर मंदाबाई म्हणाल्या, राहू द्या, मी सांगते. त्या दिवसापासून माझी भिंतीची नोकरी गेली. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं दोघांनी असं काढलं की काही दिवस गावात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती. ती निंबाखाली येऊन म्हणायची की भासरे, स्पोक ढिल्ले आहेत. ते म्हणायचे की बाई, तुह्या सैपाकात मी बोलतो का. गावातल्या म्हाताऱ्या आधी कानावर हात ठेवायच्या, नंतर खुर्च्या घेऊन यायला लागल्या.

सहाही गाड्यांचे नवे तुंबे मामांनीच बसवले. कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या चाकाचा आऊट काढून झाल्यावर त्यांनी ते बोटानं फिरवलं, आवाज ऐकला, आणि भिंतीला टेकून बसले. ओट्यावर बसायचे तसेच बसले. मंदाबाईंनी ते लांबून पाहिलं. त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाहुण्यांना सांगण्यात आलं की वाट दाखवायला गेंदलालजीच पुढे असतील. गाडीवर बसायला मनाई आहे, पुढे असायला नाही.

पुढे मला तिरोड्याला काम मिळालं आणि मी गाव सोडलं. निघालो त्या सकाळी धुकं होतं. बस गावाबाहेरच्या चढाला लागली आणि ड्रायव्हरनं वेग कमी केला. समोर पाहुण्यांची रांग चालली होती, सगळे गाड्यांवर, सगळ्यांच्या मोटरी चालू, आणि सगळे घामाघूम. त्यांच्या पुढे मामा, पायी. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दुपट्टा डोक्याला, ताडताड पावलं टाकत चढ चढत होते. रांगेतला एक तरणा मुलगा बाजूनं पुढे निघायला बघत होता. मामांनी मागे न बघता हात आडवा केला, आणि तो मुलगा गुपचूप मागे गेला.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मामांनी वेग वाढवला, बाजू दिली नाही. कंडक्टर म्हणाला, उतरून सांग ना त्या म्हाताऱ्याले.

"कोन सांगनार," ड्रायव्हर म्हणाला, "गेंदलाल आहे तो." त्यानं गिअर खाली ओढला आणि आमची बस त्या रांगेच्या शेवटी, आपल्या नंबरावर, चढ चढू लागली.